शनीनंतरचे रविवार

ता. ३ जून

धाकटे,

तुला आशीर्वाद, मुलांना लाड, तुझ्या नवऱ्याला नमस्कार, आणि दुकानातल्या तिन्ही शिलाई मशिनींना माझी आठवण. पत्राची सुरुवात अशी करायची असते एवढंच मला आठवतं, पुढचं जमेल तसं लिहिते. अबोला धरलेला असताना मीच आधी लिहिलं म्हणजे ताई नमली असं तू म्हणशील. म्हण बापडी. माझ्या मते अबोला तोंडाचा असतो, हाताचा नसतो, तेव्हा मी काही मोडलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. तारांगणात शाळांच्या सहली संपल्या. आता दुपारच्या खेळाला घुमटाखाली वीस-पंचवीस डोकी असतात, त्यातली निम्मी गार हवेत झोप काढायला आलेली. परवा एका चिमुरडीने विचारलं, "बाई, आकाश कधी चालू करणार?" प्रोजेक्टरवाला इतका हसला की त्याने शुक्राच्या जागी चंद्र लावला. दिवे गेले की मी माईक घेते आणि नेहमीसारखी सूर्यापासून सुरुवात करते. पुस्तकातल्या चित्रात ग्रह खांद्याला खांदा लावून ओळीत उभे असतात, तसं काही नसतं, हे मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकते. सूर्य फुटबॉलएवढा धरा. मग पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, आणि तो दाणाही तीसेक पावलं लांब. मधे काय? बुध-शुक्राचे दोन बारीक कण, बाकी काही नाही. मुलं हिरमुसतात. त्यांच्या शिक्षिका तर माझ्यावर रागावतातच, कारण त्यांच्या फळ्यावर सगळे ग्रह मावलेले असतात.

घसा जरा बसलाय. फोन न करता पत्र लिहिण्याचं ते एक कारण. रविवारी वहिनीशी बोलताना मी मधेच दोनदा थांबले ते तू ऐकलं असशील. तू फोन लावतेस, "हॅलो" म्हणावं लागू नये म्हणून तसाच तिच्या हातात देतेस आणि दारात उभी राहतेस. मला कळतं, कारण गळ्यात अडकवलेली तुझी कात्री शर्टाच्या बटणाला लागून वाजते.

बघ, लिहितानाही माझ्या हातून "वहिनी"च झालं. स्वतःच्या आईला मी वहिनी म्हणते याचं लोकांना नवल वाटतं, आपल्या घरात कधी कुणाला वाटलं नाही. मी काकांच्या कडेवर वाढले, काका तिला वहिनी म्हणायचे, मी तेच उचललं. तू झालीस तोवर काका वेगळे राहायला गेले होते. म्हणून तुझ्या वाट्याला आई आली आणि माझ्या वाट्याला वहिनी. बाई एकच, काय फरक पडतो.

तिचे डोळे गेल्यापासून दर रविवारी मी तिला आमचा खेळ थोडा थोडा सांगते, सूर्यापासून बाहेर बाहेर. मुलांपेक्षा ती बरी. बुधावर हवाच नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग कपडे वाळतात कसे?" गुरूवर पाय ठेवायला जमीन नाही, नुसता वायू, हे कळल्यावर, "मग एवढा मिरवतो कशाच्या जोरावर?" मागच्या रविवारी शनी झाला. त्याची कडी लांबून अखंड दिसतात, जवळ गेलं की बर्फाचे नि दगडांचे सुटे तुकडे. ती म्हणाली, "म्हणजे लांबून दागिना, जवळून भुगा." आणि मग, "शनीनंतर काय गं?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. तीनदा चहा करून आले, आणखी चहा पिववत नाही.

घसा बसलेला नाही. गाठ आहे. बाबांना होती तीच, तिथेच. बाबांचं उशिरा कळलं, माझं वेळेवर कळलं असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर म्हणजे काय, तर जीव राहील, आवाज जाईल. स्वरयंत्र पूर्ण काढणार. गळ्याला एक भोक राहील आणि मी त्यातून श्वास घेईन. डॉक्टर चांगले आहेत, टेबलावर चित्र काढून दाखवलं. मी चित्र बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की वहिनीला मी दिसत नाही.

कळतंय ना तुला? माझं पत्र ती वाचू शकत नाही. मी तिच्यासमोर येऊन बसले तर मी कोण ते तिला सांगता येणार नाही. हात धरला तर म्हणेल, कोण आहे, बोला की. तिच्या लेखी मी म्हणजे फोनमधला आवाज, दुसरं काही नाही. तो गेला की मी गेले. आणि खरं सांगितलं तर तिला नुसतं "ऑपरेशन" ऐकू येणार नाही, बाबांचे ते शेवटचे महिने सगळे पुन्हा ऐकू येतील. ते तिने एकटीने काढले, आपण दोघी नुसत्या दारातून डोकावत होतो.

म्हणून मागते आहे. तुझा आणि माझा आवाज एकाच ताग्यातला आहे. मी दुकानात फोन केला की तुझी गिऱ्हाइकं मला बाहीची लांबी सांगायला लागायची. बाबासुद्धा फसायचे. ऑपरेशननंतर रविवारचा अर्धा तास तू मी हो. वेगळ्या खोलीतून तिला फोन लाव आणि माझ्या नावाने बोल. काय सांगायचं ते मी लिहून पाठवीन, शनीच्या पुढचं सगळं.

तू चष्म्याचं काढशील. काढ. तिचे डोळे गेले तेव्हा मी तिचा चष्मा कचऱ्यात टाकला आणि तू म्हणालीस, तिला अजून आशा होती गं. त्यावरून हा अबोला. मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. आणि तरीही हे मागते आहे.

तुझी,
ताई


ता. १७ जून

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. एवढ्या वर्षांत तुझं अक्षर बिघडलं नाही, स्वभावही नाही. "ऑपरेशनला येते, नको म्हणशील म्हणून विचारत नाही. फोनचं मला पटत नाही. चष्मा टाकलास तेव्हा म्हणाली होतीस, माणसाला खोट्यावर जगवू नये. पण करीन." इतकंच. खाली नावही नाही. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला.

मुलं, नवरा ठीक असतील. इथे उकाडा आहे. तारांगणात माझ्या जागी माणूस घेणार नाहीत, ध्वनिमुद्रण लावणार. परदेशातून तयार खेळ आणलाय, वर आपल्या भाषेतलं निवेदन चिकटवलंय. ऐकला मी. नेपच्यूननंतर मी गप्प बसायचे, आठवतं? काळोखात बराच वेळ काहीच बोलायचे नाही, म्हणजे लोकांना अंतर कळावं. मुलं चुळबुळ करायची, कुणीतरी घाबरून हसायचं. नव्या खेळात तिथे संगीत घातलंय.

काल रविवारी मी तिच्याशी शेवटची बोलले. तू नेहमीसारखा फोन तिच्या हातात दिलास, पण या वेळी कात्री वाजली नाही. दारात थांबली नव्हतीस. उपकार.

मी ठरवून बसले होते की काहीतरी बोलायचं. काय, ते माहीत नव्हतं. ती गुडघ्यांचं सांगत राहिली, मग तुझ्या थोरल्याच्या दातांचं, मग म्हणाली, "तुझा आवाज फाटका झालाय, गरम पाणी पी. आणि शनीनंतरचं सांगणार होतीस." म्हटलं, आज दम लागतोय, पुढच्या रविवारी नक्की. म्हणाली, "बरं. जेवून घे." मी म्हणाले, "बरं, ठेवते." आणि ठेवला. माझ्या आवाजातलं तिच्या कानावर पडलेलं शेवटचं वाक्य "बरं, ठेवते" हे आहे. जन्मभर लोकांना बोलून दाखवायचा पगार घेतला, आणि स्वतःच्या वेळी हे सुचलं. रडले. खोटं कशाला सांगू, खूप रडले, कारण रडतानाचा आवाजही जाणार आहे असं मधेच लक्षात आलं.

असो. कामाचं लिहिते.

मी गोड बोलत नाही, तू बोलतेस. ते आवर. ती "जेवलीस का" विचारेल, त्यावर "हो" म्हण, काय जेवले ते सांगत बसू नकोस, मी सांगत नाही. घसा बरा झाला म्हण. तिने उगाच काही विचारलं तर "वहिनी, मधे बोलू नकोस" म्हणायचं, तिला त्याची सवय आहे, आवडतंही. आणि काही झालं तरी "आई" म्हणू नकोस. तुझ्या जिभेवर तो बसलेला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. वहिनी म्हण. आरशात बघून दहादा म्हण.

युरेनसचं असं सांग:

"वहिनी, शनीच्या पुढे युरेनस. शनी सूर्यापासून जेवढा लांब, हा त्याच्या दुप्पट. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे उभे फिरतात, हा मात्र कुशीवर आडवा पडलाय. कधीतरी कुणीतरी जोरात धडकलं असणार आणि तो कलंडला, असं म्हणतात. तसाच पडल्यापडल्या सूर्याभोवती फिरतो. म्हणून तिथे ध्रुवावर बेचाळीस वर्षं उजेड असतो आणि मग बेचाळीस वर्षं काळोख."

ती विचारेल, काळोखाच्या वर्षांत तिथे काय करायचं. ती असंच विचारते. त्यावर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. तुला सुचेल ते सांग.

येत्या शुक्रवारी भरती व्हायचं आहे. तू येशील तेव्हा मला बोलता येत असेल, म्हणजे भांडताही येईल. तेव्हा आधीच्या रात्रीपेक्षा सकाळी ये.

ताई


ता. १५ जुलै

धाकटे,

आशीर्वाद. जखम सुकते आहे, पट्टी दिवसाआड बदलतात, भाताची पेज सोडून आता मऊ काहीही गिळता येतं. ही झाली खुशाली.

तू आलीस आणि आपण भांडलो नाही. तू नुसती माझ्या केसांची वेणी घातलीस. मला तेव्हा काही बोलायचं होतं, पण आपल्याला इतक्या दिवसांची बोलायची सवयच राहिली नव्हती, आणि मग मला स्ट्रेचरवर घेतलं. अबोला मोडायचा राहूनच गेला. आता तो मोडायची माझी पाळी कधीच येणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? माझ्या तर रोज येतं.

गेल्या दोन्ही रविवारचे फोन मी ऐकले. तू आधी मला लावतेस, मग तिला जोडतेस, आणि मी इकडे पलंगावर फोन कानाला धरून बसते. तू दुकानाच्या ट्रायल रूममध्ये पडदा ओढून उभी राहतेस, समोरच्या आरशात बघून बोलतेस, हे तू लिहिलंस तेव्हा मला हसू आलं. हसण्याचा आता आवाज होत नाही, भोकातून नुसती हवा येते. पण हसले.

आवाज माझाच होता. "वहिनी, मधे बोलू नकोस" तर तू असं म्हणालीस की मीच गप्प झाले. युरेनसवरच्या काळोखात काय करायचं, असं तिने विचारलंच, आणि तू म्हणालीस, "बोलत बसायचं, दुसरं काय." ती किती हसली! माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली नव्हती.

आणि मग तिने तुझी कागाळी केली. तुझ्याजवळ. "धाकटी हल्ली रविवारची फोनसुद्धा लावून देत नाही गं, खाली दुकानात जाऊन बसते. दोन शब्द बोलत नाही माझ्याशी. तू लांब असून जवळची, ती उशाशी असून लांब." तू काय करणार होतीस? म्हणालीस, "दमत असेल ती." ज्या बाईला तू न्हाऊ घालतेस, जिची नखं कापतेस, तिचं हे बोलणं तुला माझ्या नावाने ऐकावं लागलं. मला फोन ठेवावासा वाटला. ठेवला नाही, कारण पुढे ती माझ्याबद्दल चांगलं बोलत होती आणि मला ते ऐकायचं होतं. अशी आहे मी.

मधल्या एका दिवशी तिने स्वतःच मला फोन लावला. सकाळी सातला. तो मोठ्या बटणांचा फोन तिला देऊन तू चूक केलीस. ऑपरेशनआधी मी मोबाईलमध्ये थोडी वाक्यं बोलून ठेवली होती, म्हटलं अडीअडचणीला होतील. घाबरून पहिलं दाबलं, "वहिनी, मी बरी आहे." ती म्हणाली, "अगं ते कळलं, पण जेवणाचा डबा कोण देतं तुला?" मी दुसरं दाबलं ते चुकलं, "वहिनी, ठेवते, खेळाची वेळ झाली." ती म्हणाली, "सकाळी सातला कसला मेला खेळ?" मी बंद केला फोन. मग ती सगळी वाक्यं एकदा ऐकली आणि पुसून टाकली. प्रत्येकाची सुरुवात "वहिनी"ने होती.

गळ्याला लावायचं एक यंत्रही मिळतं. ते धरून बोललं की शब्द कळतात, पण आवाज सगळ्यांचा एकच, बायका-पुरुष सगळ्यांचा. तिला वाटेल कुणी टवाळखोर फोन करतंय.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. मुलं मला हमखास विचारायची, बाई, पृथ्वी मधूनच काढून घेतली तर बाकीच्या ग्रहांचं काय होईल? मी हसत सांगायचे, काही नाही. चंद्र तेवढा बावरेल, मग तोही एकटा सूर्याभोवती फिरायला लागेल. बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. हे मी इतकी वर्षं मजेत सांगितलं. परवा तुम्ही दोघी माझ्या आवाजात गप्पा मारत होतात, ती हसत होती, आणि मी पलंगावर बसून ते ऐकत होते. मला काढून घेतलंय आणि सगळं नीट फिरतंय. हेच मी मागितलं होतं, तू हेच दिलंस. मग मला असं गाडल्यासारखं का वाटतं?

नेपच्यूनचं लिहून ठेवते, पुढच्या रविवारी लागेल.

"वहिनी, युरेनसच्या पुढे नेपच्यून. हा कुणी आधी पाहिला नाही. युरेनस चालताना अडखळायचा, म्हणजे त्याला बाहेरून कुणीतरी ओढत असणार. लोकांनी घरात बसून, कागदावर गणित करून सांगितलं की अमुक ठिकाणी बघा, आणि तिथे तो सापडला. फुटबॉलच्या हिशेबात हा वाटाण्याएवढा, पाऊण किलोमीटरवर. त्याची सूर्याभोवतीची एक फेरी होईतो आपल्याकडे माणसांच्या दोन पिढ्या मरतात."

शेवटचं वाक्य नको वाटलं तर गाळ. मी गाळलं नसतं.

ताई


ता. १२ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र परवा आलं. आशीर्वादाने सुरुवात करायचं आज सोडून देते.

तू लिहिलंस, "यापुढे मला जमणार नाही." का, ते मला माहीत आहे, कारण मी फोनवर होते. तरीही मी माझ्या बाजूने काय ऐकलं ते लिहिते. तू तुझ्या बाजूचं लिहिलं आहेस.

तू छान सांगत होतीस. नेपच्यूनपलीकडे गोठलेल्या गोळ्यांचा पट्टा, त्यातलाच तो प्लूटो, ज्याला ग्रहांच्या पंगतीतून उठवला. त्याहून लांब, बर्फाच्या कोट्यवधी तुकड्यांचा एक ढग सूर्यमालेला सगळीकडून वेढून आहे, असं मानतात, डोळ्यांनी कुणी पाहिलेला नाही. तिथे सूर्य म्हणजे एक साधा तारा दिसेल, ऊब काही पोचणार नाही, पण त्याची ओढ तेवढी पोचते. सगळं मी लिहिलं तसंच. मग तिने विचारलं, "एवढ्या लांब एकेकटे. त्यांना कसं वाटत असेल गं?" ते मी लिहिलेलं नव्हतं. तुझा आवाज मऊ झाला आणि तू म्हणालीस, "नाही गं आई, त्यांना काही वाटत नसतं."

मी पलंगावर सरळ उठून बसले. वाटलं, संपलं, ओळखलं तिने.

ती म्हणाली, "काय म्हणालीस?"

तू पडदा धरलास, त्याच्या कड्या वाजल्या.

"थोरले, पुन्हा म्हण."

आणि तू म्हणालीस. तुला दोष देत नाही, मीही म्हटलं असतं. मग ती रडायला लागली. डोळे गेले त्या दिवशी ती रडली नव्हती. "सगळ्यांची पोरं आई म्हणायची, माझीच थोरली दिराच्या तोंडचं म्हणायची. मी कधी बोलले नाही. म्हटलं, मागून घेतलेल्याला काय अर्थ. आपणहून म्हणेल कधीतरी. इतकी वर्षं वाट बघितली गं."

धाकटे, मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. बाई एकच, काय फरक पडतो, असं मी तुलाच लिहिलं होतं. तिला फरक पडत होता. मी एवढी बोलणारी, हजारो लोकांना काळोखात बसवून अंतरं सांगणारी, आणि एवढंसं अंतर माझ्या ध्यानात आलं नाही. मला फक्त म्हणायचं होतं. कधीही, कुठल्याही रविवारी, गुडघ्यांच्या आणि दातांच्या मधे. त्याला काही लागत नव्हतं.

मी फोनमध्ये तोंड उघडलं होतं. हे तुला माहीत नाही, कारण आवाज आला नाही. ओठ हलत होते, गळ्यातून हवा येत होती, आणि तू तिकडे म्हणत होतीस, "रडू नकोस, आई, रडू नकोस."

आता तुझं. तू लिहिलंस, "आई म्हणाले ती मी होते. चुकून माझंच तोंडातून गेलं. मी जन्मभर तिला आई म्हणते आहे, माझ्या आई म्हणण्याने तिचं कधी काही हललं नाही. तुझ्या नावाने एकदा म्हटलं तर ती हमसून रडली. मग ते कुणाचं होतं, ताई? माझं होतं तर ते तिने तुला का दिलं?" याचं उत्तर सकाळपासून शोधते आहे. तुझं होतं, धाकटे. तुझंच होतं. आणि ते मला मिळालं, आणि मलाही मिळालं नाही.

खरं सांगून टाकू या, असंही तू लिहिलंस. आधी ठीक होतं. आता काय सांगशील? तुझी थोरली मुकी झाली आणि परवाचं "आई" तिचं नव्हतं? तेवढं एक तिच्या हातात आलंय. ते कसं काढून घेऊ? चष्मा टाकला तेव्हा मी वेगळी होते. आज तो कचऱ्यातून शोधून, पुसून, तिच्या डोळ्यांवर चढवला असता.

तेव्हा एवढं कर. सोडू नकोस. आणि यापुढे माझ्या नावानेही "आई"च म्हण. वहिनी म्हणायला आता कुणी उरलेलं नाही. जड जाईल तुला, मला कळतं. तुझी कागाळी करेल तेव्हा माझ्या नावाने तिला झाप, म्हण, धाकटी नसती तर तुझं काय झालं असतं. ते तिला माझ्याकडून पटेल. तेवढा तरी माझा उपयोग करून घे.

शेवटचा भाग राहिलाय, तो देते. यानंतर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

"आई, ही एवढी आपली सूर्यमाला. फुटबॉल, दाणा, वाटाणा, भोवतीचा ढग, सगळं धरून. याच मापाने पुढचा फुटबॉल ठेवायचा तर तो समुद्रापलीकडे, दुसऱ्या खंडावर ठेवावा लागेल. तोवर मधे कुणी नाही. असे अब्जावधी सूर्य मिळून आपली आकाशगंगा. आपण तिच्या मधोमध नाही, काठावरही नाही. मधेच कुठेतरी, एका फाट्यावर आहोत. तिथून सूर्य सगळ्यांना घेऊन फिरतो, आणि त्याची एक फेरी पुरी व्हायला तेवीस कोटी वर्षं लागतात. अशा आकाशगंगाही अब्जावधी. आपण आहोत हे तिथे कुणाला माहीत नाही."

इथे ती काही विचारेल. काय विचारेल ते मला या वेळी सुचत नाही.

मंगळवारी बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. तरुण आहेत, हसऱ्या. त्या म्हणाल्या, यंत्राची भीती जायला सोप्या शब्दाने सुरुवात करू, ज्याला ओठ लागत नाहीत, जीभही फार लागत नाही, नुसते दोन स्वर. हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी जमतो, आजोबांनासुद्धा. आणि त्यांनी पांढऱ्या फळीवर मोठ्या अक्षरात लिहिला. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांना वाटलं मी लाजते आहे. त्यांनी स्वतः माझा हात धरून यंत्र गळ्याला लावलं. बाहेर बाकावर पुढचे पेशंट बसले होते, दार उघडं होतं.

म्हटलं मी. डब्यात माशी अडकावी तसा आवाज आला, पण शब्द सगळा आला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "बघा, किती स्पष्ट!"

स्पष्टच होता गं. तिच्या कानावर तो कधी पडू देऊ नकोस.

आणि येत्या रविवारपासून मला फोनवर जोडू नकोस. तुम्ही दोघी बोला.

तुझी, आणि आता फक्त तुझ्या तोंडी राहिलेली,
ताई